‘दुष्परिणाम’ : एका भाषांतराचे पुनर्परीक्षण

भाषांतराची समीक्षा आपल्याकडे बहुधा साहित्यकृतीपुरती मर्यादित राहिली आहे. काव्याचे, नाटकाचे किंवा कादंबरीचे भाषांतर मुळाशी कितपत प्रामाणिक आहे, याची चर्चा आपल्या अभ्यासवर्गांतून नेहमी होते. परंतु औषधाच्या खोक्यातील घडीची चिठ्ठी, रुग्णाच्या हाती द्यावयाची माहितीपत्रिका, दवाखान्यातील प्रश्नावली यांच्या मराठीकडे भाषाभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः काव्याच्या वाचकापेक्षा या मजकुराचा वाचक शब्दावर अधिक विसंबून असतो. कारण जे वाचले त्याप्रमाणे त्याला लगेच वागावयाचे असते. प्रस्तुत लेखात अशा एका भाषांतराचे परीक्षण करावयाचे आहे. हे भाषांतर प्रस्तुत लेखकानेच केलेले आहे, आणि त्यातील दोषांची किंमत दुसऱ्या एका व्यक्तीस मोजावी लागली, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

२०१८ साली काही परिचितांच्या विनंतीवरून एका छोट्या इंग्रजी पत्रिकेचे मराठीकरण करण्याचे काम लेखकाने अंगावर घेतले. विषय होता स्त्रीकरणाच्या संप्रेरकोपचारात औषधांपासून होणारा त्रास आणि त्याला तोंड देण्याचे मार्ग. जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःस स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्तींना, म्हणजे पारलिंगी स्त्रियांना, हा उपचार दिला जातो. त्यात सामान्यतः दोन प्रकारची औषधे असतात. एक इस्ट्रॅडिऑल, हे गोळी, त्वचेवर चिकटवावयाची पट्टी, जेल किंवा इंजेक्शन या रूपांत मिळते. दुसरे, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा प्रभाव कमी करणारे औषध. त्यात स्पायरोनोलॅक्टोन आणि सायप्रोटेरोन ही नावे प्रमुख आहेत. हा उपचार आठ-पंधरा दिवसांचा नसून वर्षानुवर्षे चालणारा आहे. तेव्हा औषधाच्या त्रासाविषयी बोलण्याची भाषा हा येथे गौण प्रश्न राहत नाही. रोजच्या जगण्याचा तो एक भाग होतो.

मूळ पत्रिकेतील ‘साइड इफेक्ट’ या शब्दासाठी लेखकाने आरंभापासून अखेरपर्यंत ‘दुष्परिणाम’ हा रूढ शब्द योजिला. ‘सामान्य दुष्परिणाम’ आणि ‘क्वचित आढळणारे दुष्परिणाम’ अशी दोन शीर्षके केली आणि त्यांखाली बारा-तेरा बाबींची यादी दिली. भाषांतर शुद्ध होते. व्याकरणाची चूक काढावयास जागा नव्हती.

तीन वर्षांनंतर लेखकाची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली. ती स्वतः हा उपचार घेत होती आणि ती पत्रिका तिने जपून ठेविली होती. रात्रभराच्या एस. टी. प्रवासानंतर तिच्या डाव्या पोटरीस सूज आली, पोटरी दुखू लागली. तिने पत्रिका उघडून पाहिली. पायाची सूज यादीत होती. स्तनांचा दुखरेपणा आणि मळमळ यांच्याच यादीत, चार ओळी खाली. तिने पाच दिवस पाय उशीवर ठेवून काढले. सहाव्या दिवशी चालताना धाप लागू लागली तेव्हा शेजारणीने तिला रुग्णालयात नेले. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. उपचार वेळेत झाला आणि ती बरी झाली. भेटीत ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. ती एवढेच म्हणाली, “सर, तुम्हीच लिहिलंय ना, दुष्परिणाम होतात, धीर धरावा म्हणून. मी धीर धरला.”

या वाक्याने पुढील परीक्षण सुरू झाले.

प्रथम ‘दुष्परिणाम’ हा शब्दच घेऊ. इंग्रजी शब्दातील पूर्वपद ‘बाजूचा’ एवढाच अर्थ सांगते. परिणाम बरा की वाईट, याविषयी ते मौन पाळते. ‘दुस्’ हा उपसर्ग मात्र निवाडा देऊन मोकळा होतो. आता हा निवाडा कोणाच्या दृष्टीने? स्पायरोनोलॅक्टोनचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. हे मुळात लघवीवाटे पाणी व मीठ बाहेर काढणारे औषध. रक्तदाब, हृदयाची दुर्बलता, यकृतविकारातील जलोदर यांसाठी ते दिले जाते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेल्स’ नावाच्या हृदयविकारावरील चाचणीत हे औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांना स्तनवृद्धी किंवा स्तनांच्या वेदना झाल्या. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्का होते. हृदयरोग्याच्या पत्रिकेत ही नोंद दुष्परिणाम म्हणून येते आणि ते योग्यच आहे. परंतु पुरुषी संप्रेरकास अटकाव करण्याचा जो गुण तेथे नको असतो, त्याच गुणासाठी पारलिंगी स्त्रीला हे औषध दिले जाते. एकाच गोळीचा एकच गुण एका खाटेवर दोष ठरतो आणि दुसऱ्या खाटेवर हेतू ठरतो. तात्पर्य, ‘दुष्’ हे औषधाचे विशेषण नसून घेणाऱ्याच्या प्रयोजनाचे विशेषण आहे. ते प्रयोजन न पाहता शब्द योजिला की पहिली चूक होते.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आणि म्हणून अधिक घातक आहे. औषधपत्रिकांतील ‘कॉमन’ आणि ‘रेअर’ हे शब्द संख्यावाचक आहेत. युरोपातील औषधपत्रिकांच्या परिभाषेत पहिल्याचा अर्थ १०० पैकी १ ते १० जणांना होणारा, आणि दुसऱ्याचा अर्थ १०,००० पैकी १ ते १० जणांना होणारा, असा ठरलेला आहे. त्रास किती तीव्र, याच्याशी या शब्दांचा संबंध नाही. मराठीत मात्र ‘सामान्य’ या शब्दाला ‘किरकोळ, विशेष नाही असा’ ही छटा आहे. आणि ‘क्वचित’ म्हटले की ‘आपल्याला कशाला होईल’ असे वाचकाचे मन सहज म्हणते. वारंवारतेचे शब्द अशा रीतीने गांभीर्याचे शब्द होऊन बसतात, आणि तेही उलट्या दिशेने. जे नेहमी होते पण निरुपद्रवी असते ते वरती. जे कमी वेळा होते पण जिवावर बेतते ते तळाशी आणि धूसर. सूज तळाशी का होती, याचे उत्तर येथे आहे.

यावर कोणी सुचवील की ‘दुष्परिणाम’ऐवजी ‘आनुषंगिक परिणाम’ म्हणावे. हा शब्द निर्दोष आहे यात शंका नाही. तथापि तो निरुपयोगीही आहे. वाचकाने पुढे काय करावयाचे, हे तोही सांगत नाही. लेखकाच्या मते शोध नव्या नामाचा करावयास नको होता. मराठी बोलणारा मनुष्य औषधाविषयी बोलताना नामे फारशी वापरीतच नाही. तो क्रियापदे वापरतो. औषध ‘लागू पडते’ किंवा पडत नाही. ते एखाद्याला ‘मानवते’, एखाद्याला ‘बाधते’. त्रास ‘सोसतो’ किंवा सोसत नाही. औषधाबरोबर ‘पथ्य’ पाळावे लागते. आणि ज्याने वेळीच वैद्य गाठावयास हवा होता पण गाठला नाही, त्याने दुखणे ‘अंगावर काढले’ असे आपण म्हणतो. या एकाच वाक्प्रचारात कौतुक आणि ठपका दोन्ही आहेत. ‘सोसणे’ आणि ‘अंगावर काढणे’ यांमधील सीमारेषा प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते. लेखकाच्या पत्रिकेत ती कोठेही नव्हती.

जुन्या वैद्यकालाही हा विवेक होता. मूळ रोगातून पुढे उद्भवणाऱ्या विकारास ‘उपद्रव’ म्हणावे आणि उपचारातून उद्भवणाऱ्या बिघाडास ‘व्यापद्’, असा भेद आयुर्वेदाने केला आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या दहा व्यापदी सांगितल्या आहेत. सुश्रुताने पंधरा मानल्या आहेत. विशेष म्हणजे या व्यापदी सेवक, औषध, वैद्य आणि रोगी या चौघांपैकी कोणाच्या वैगुण्याने होतात, हाही विचार चरकाने केला आहे. ‘व्यापद्’ हा शब्द आज पुन्हा चालवावा, असे येथे सुचवावयाचे नाही. उपचारातून होणारा प्रत्येक त्रास एका माळेत ओवू नये, ही शिस्त आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती, एवढेच दाखवावयाचे आहे.

या दृष्टीने तीच पत्रिका पुन्हा लिहावयाची झाल्यास तिची मांडणी चार भागांत करावी लागेल.

पहिला भाग औषध लागू पडल्याच्या खुणांचा. उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत, बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, स्तनाग्रांखाली लहान गाठीसारखे लागते आणि धक्का लागला तरी दुखते. ही वाढीची सुरुवात होय. मऊ, न काचणारे अंतर्वस्त्र वापरणे आणि गर्दीत छातीस धक्का लागू न देणे, एवढे येथे पुरते. त्वचा कोरडी होणे, स्नायूंचा जोर कमी होणे हेही याच भागात येते. येथे ‘दुष्’ हा उपसर्ग सर्वस्वी गैरलागू आहे.

दुसरा भाग सोसण्याचा आणि पथ्याचा. स्पायरोनोलॅक्टोनने तहान लागते, वारंवार लघवीस जावे लागते, एकदम उठल्यास चक्कर येते. दिवसाची शेवटची मात्रा फार उशिरा न घेतल्यास झोपमोड टळते. उठताना क्षणभर बसून मग उभे राहिल्यास चक्कर आटोक्यात राहते. गोळीने मळमळ होत असेल तर ती जेवणाबरोबर घेता येते. पट्टीखाली कातडी लाल होत असेल तर दर वेळी जागा बदलावी. परंतु पथ्याची एक बाब इंग्रजी पत्रिकेत नव्हती आणि मराठीत ती असावयास हवी होती. हे औषध शरीरातील पोटॅशियम राखून ठेवते, आणि ते फार वाढल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ सालच्या मार्गदर्शिकेत पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे असे सांगितले आहे. आता तहान लागली की कोकणातला मनुष्य शहाळे फोडतो. घरात रक्तदाबाचा रोगी असेल तर कमी सोडियमचे मीठ आणलेले असते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि त्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. ‘भरपूर पाणी प्यावे’ या ओळीचे लेखकाने बिनचूक भाषांतर केले. पण वाचकाच्या घरात त्या ओळीचा अर्थ शहाळे असा होऊ शकतो, हे त्याच्या ध्यानी आले नाही. रोज शहाळे किंवा असे मीठ घेण्याची सवय असल्यास, किंवा दुखण्यावर इबुप्रोफेनसारखी गोळी वरचेवर घ्यावी लागत असल्यास, डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे. जुलाब-उलट्या होऊन अंगातील पाणी कमी झाले, तर गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे त्याच दिवशी विचारले पाहिजे.

तिसरा भाग औषध बाधल्याच्या खुणांचा. हा भाग पत्रिकेच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत असावयास हवा. एकाच पायाची पोटरी सुजणे, दुखणे, गरम लागणे. अकस्मात धाप लागणे, छातीत कळ येणे. ही शिरेतील किंवा फुप्फुसातील गुठळीची लक्षणे असू शकतात. १९९७ साली अ‍ॅमस्टरडॅम येथील चिकित्सकांनी ८१६ पारलिंगी स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत अशा गुठळ्यांचे प्रमाण सर्वसाधारण अपेक्षेच्या वीसपट आढळले. त्या काळी तेथे इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम संप्रेरक सर्रास दिले जाई. चाळिशीपुढील व्यक्तींना त्वचेवरील पट्टी देणे सुरू झाल्यावर हे प्रमाण घटले. आज मार्गदर्शिका इथिनिल इस्ट्रॅडिऑल देऊ नये असे सांगतात. येथे महाराष्ट्रातील वाचकासाठी एक ओळ अत्यावश्यक होती. डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची सोय किंवा धैर्य नसल्यामुळे ज्या पारलिंगी व्यक्ती गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच्या मनाने घेतात, त्या नेमके हेच औषध घेत असतात. ‘माला-डी’च्या गोळीतही तेच आहे. लवकर फरक पडावा म्हणून दोन-दोन, चार-चार गोळ्या घेतल्याने स्त्रीत्वाची लक्षणे लवकर येत नाहीत. गुठळीचा धोका मात्र वाढतो. धूम्रपानानेही तो वाढतो. सायप्रोटेरोनच्या बाबतीत न थांबणारी डोकेदुखी किंवा दृष्टीतील बदल ही खूण लक्षात ठेवावी. मेंदूच्या आवरणावरील गाठीच्या धोक्यामुळे युरोपीय औषध संस्थेने २०२० साली या औषधाच्या १० मिलिग्रॅम व त्याहून अधिक मात्रांच्या वापरावर मर्यादा घातल्या. मन सतत खिन्न राहणे, जगणे नकोसे वाटणे, हेही बाधण्यातच मोडते. ते सोसावयाचे नाही.

चौथा भाग ‘आधी ठरविण्याच्या’ परिणामांचा. अपत्यप्राप्तीची क्षमता या उपचाराने कमी होते आणि कदाचित परत येत नाही. याला दुष्परिणाम म्हणून यादीत बसविणे हा तर वाचकाशी अन्याय आहे. यास तोंड द्यावयाचे नसते, याचा निर्णय करावयाचा असतो. वीर्य गोठवून ठेवावयाचे असल्यास ते पहिल्या गोळीपूर्वीच करणे इष्ट असते.

आता व्याकरणाकडे वळू. पत्रिकेच्या शेवटी एक प्रश्नावली होती. तीत एक विधान होते : ‘गेल्या आठवड्यात मी गोळी घेण्यास विसरलो.’ पुढे खूण करावयाची चौकट. लेखकाने पुल्लिंगी रूप सर्वसाधारण म्हणून योजिले होते. ही चौकट पुष्कळदा कोरीच राहते, असे त्या विद्यार्थिनीने सांगितले. ज्या पुल्लिंगी रूपापासून दूर जाण्यासाठी हा सारा प्रवास चालला आहे, त्या रूपावर खूण कोण करणार? आणि ‘विसरले’ लिहावे, तर ज्या वाचकाने अजून घरी कोणालाच सांगितलेले नाही त्याला तो कागद खिशात बाळगता येत नाही. परिणाम एवढाच की गोळ्या किती चुकल्या, ही माहिती डॉक्टरांना मिळत नाही आणि रक्ततपासणीचे आकडे त्यांना कोड्यात टाकतात.

वस्तुतः मराठीने या अडचणीवर वाटा ठेवलेल्या आहेत. ‘मला चक्कर आली’, ‘माझी पोटरी दुखते’ यांत बोलणाऱ्याचे लिंग उघड होत नाही. क्रियापद चक्कर व पोटरी यांस अनुसरते. ‘मी गोळी घेतली’ यातही कर्मणी प्रयोगामुळे ‘घेतली’ हे गोळीचे लिंग आहे, घेणाऱ्याचे नव्हे. अकर्मक भूतकाळात मात्र, ‘मी उठलो’ किंवा ‘मी उठले’ असे म्हणताना, सुटका नाही. आणि ‘विसरणे’ हे क्रियापद सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याशीच जुळते. नेमके हेच क्रियापद लेखकाने निवडले होते. ‘माझी गोळी चुकली’ एवढे म्हटले असते तर चौकट भरली गेली असती. डॉक्टरांच्या बाजूनेही, ‘तू विसरलास का’ किंवा ‘तू विसरलीस का’ यांपैकी एक निवडण्यापेक्षा ‘तुम्ही विसरलात का’ हे आदरार्थी रूप दोन्हींस चालते. आदर आणि अलिप्तता येथे एकाच प्रत्ययात साधतात. ज्या स्त्रीला स्त्रीलिंगी रूपानेच बोलावयाचे आहे तिने तसे बोलावे. निवड तिची असावी, छापील कागदाची नसावी.

शेवटचा मुद्दा क्रियापदाच्या अर्थाचा. पत्रिकेतील बहुतेक बाबींपुढे ‘वैद्यकीय सल्ला घ्यावा’ हे विध्यर्थी रूप होते. मळमळीपुढेही आणि सुजलेल्या पोटरीपुढेही. जेथे सर्वत्र ‘घ्यावा’ असते तेथे ते कोठेच ऐकू येत नाही. ‘त्याच दिवशी रुग्णालयात जा’ हे आज्ञार्थी वाक्य लिहिण्यास लेखकाची लेखणी त्या वेळी कचरली, कारण ते असभ्य वाटले. शिष्ट मराठीची ही सवय आपणा सर्वांची आहे.

कोणी म्हणेल, हा वैद्यकाचा प्रांत. येथे भाषाशास्त्राचे काय काम? औषध कोणते आणि किती, हे वैद्यानेच सांगावे, यात वाद नाही. परंतु कोणता त्रास कोणत्या शीर्षकाखाली, कोणत्या क्रमाने आणि क्रियापदाच्या कोणत्या रूपात सांगावयाचा, हा निर्णय भाषेचा आहे, आणि तो भाषांतरकाराने घेतलेला असतो, बहुधा नकळत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पुढे अशी कामे करतील. त्यांनी शब्दकोश उघडण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःस विचारावा : ही ओळ वाचून वाचक उठून दवाखान्यात जाईल की उशीवर पाय ठेवून पडून राहील?

पत्रिकेची सुधारित प्रत तयार झाली आहे. तिचे पहिले वाचन त्या माजी विद्यार्थिनीने केले. तिने दोन ठिकाणी खुणा केल्या आणि तिसऱ्या भागातील एका ओळीपुढे समासात लिहिले : ‘हे अजून मोठ्या अक्षरात.’ ती सूचना स्वीकारली आहे.